आधी चांदणी, मग चुना

जगातल्या मोठ्या गोष्टी शरद ऋतूतच घडतात, असं शालिग्राम पाटलांचं ठाम मत आहे, आणि त्यावर वाद घालायला बुऱ्हाणपुरात, निदान त्यांच्या लालबाग मोहल्ल्यात तरी, आता कोणी धजत नाही. वाद घालणाऱ्याला ते पदरचा चहा पाजतात आणि त्याला पटेपर्यंत उठू देत नाहीत.

"पावसाळ्यात काय होणार हो?" ते विचारतात. "तापी फुगलेली, वाटा चिखलाच्या, तोफ जागची हलत नाही. उन्हाळ्यात माणूस सावली शोधतो. दसरा झाला, नद्या उतरल्या, वाटा वाळल्या, की मग इतिहास घराबाहेर पडतो." कोणी शहाण्याने उन्हाळ्यातली एखादी मोठी घटना काढलीच, तर तिला अपवाद म्हणून ते मोकळे होतात. अपवादांची त्यांच्याकडे ददात नाही.

स्टेशन रोडवर योगेशची चहाची टपरी आहे. तिच्या कडेला एक काळा फळा टेकवून ठेवलेला असतो. दसऱ्याला लोक अवजारं पुजतात, ट्रॅक्टर पुजतात, केळीच्या गाड्यांना हार घालतात. शालिग्राम खडूंचा डबा पुजतात. त्यावर आपट्याचं पान ठेवतात, हळदकुंकू वाहतात आणि दुसऱ्या सकाळी तो डबा घेऊन टपरीवर हजर होतात. तिथून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत रोज फळ्यावर 'आजच्या दिवशी' म्हणून एक घटना लिहिली जाते. नागपूरची दीक्षाभूमी, चंद्रयानाचं उड्डाण, बर्लिनची भिंत पडली तो दिवस, आपल्या मध्य प्रदेशाची राजधानी नागपूरहून भोपाळला गेली तो दिवस. अर्धं हिंदीत, अर्धं मराठीत, आणि अक्षर असं की केळीचे हमालही गाडी थांबवून वाचतात. पौर्णिमा झाली की फळा मिटला. मग उरलेलं वर्षभर योगेश त्यावर समोशाचा भाव लिहितो.

हा नाद त्यांना लागला तो कारखान्यात. वडील जामनेरकडून कागद कारखान्यात नोकरीला आले, ते इकडचेच झाले. शालिग्राम कारखान्याच्या वसाहतीत वाढले, हिंदी शाळेत शिकले आणि मिसरूड फुटल्यावर त्याच फाटकातून कामावर जाऊ लागले. त्यांचं काम रद्दीच्या गोदामात. देशभरातून जुन्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे यायचे, ते फोडून लगद्याच्या टाकीकडे ढकलायचे. इतर कामगार गठ्ठे फोडून विडी ओढायचे; हे गठ्ठे फोडून वाचायचे. जगाचा इतिहास त्यांनी असा, टाकीत पडायच्या आत, उभ्या उभ्या वाचून काढला. मुकादम ओरडायचा, "अरे पाटील, अखबार पढ़ने के लिए है या मशीन के लिए?" पण पाटलांना तेव्हा कुठल्या तरी देशात क्रांती होताना दिसत असायची, ती अर्ध्यात सोडून कसं यायचं?

असा हा माणूस. सगळ्या जगाच्या तारखा तोंडपाठ, आणि घरच्या एका तारखेत मात्र तोंडावर आपटला.

ती तारीख मथुराबाईंची. मथुराबाई म्हणजे शालिग्रामांच्या बायकोची, लक्ष्मीबाईंची, मावशी. राहणार बुऱ्हाणपूरजवळच्या जसोंडी गावी, माहेरही तिथलं आणि सासरही तिथलंच, दोन आळ्या सोडून. आता पंचाहत्तरीच्या पुढे आहेत. डावा डोळा लहानपणापासून अधू. त्यांची एक गोष्ट साऱ्या जसोंडीला पाठ होती. त्या आठ-नऊ वर्षांच्या असताना घराला चुना चालला होता. पोर शिडीवर चढून, हातात कुंचा घेऊन वळचणीखाली चुना मारत होती. तिन्हीसांज झालेली. सहज वर बघितलं तर एक चांदणी चालत होती. तुटली नाही, पडली नाही, लुकलुकली नाही. शेताच्या बांधावरून बाई जावी तशी सरळ या टोकाकडून त्या टोकाकडे चालत गेली. पोर तोंड उघडं टाकून बघत राहिली, हातातला कुंचा वरच राहिला, आणि कुंच्यातला चुना ओघळून डोळ्यात गेला.

झालं. गावाला आयतं कोलीत मिळालं. चुना डोळ्यात गेला म्हणून चांदण्या दिसल्या, असं सगळे म्हणू लागले. लग्नात म्हणाले, बारशात म्हणाले, नातवंडांसमोर म्हणाले. मथुराबाई चिडायच्या नाहीत. एवढंच म्हणायच्या, "आधी चांदणी, मंग चुना." आणि पुन्हा पहिल्यापासून गोष्ट सांगायच्या.

चार वर्षांमागे जसोंडीत एका लग्नात ही गोष्ट निघाली. तोवर शालिग्रामांनी ती गंमत म्हणूनच ऐकली होती. पण त्या दिवशी त्यांच्या डोक्यात काहीतरी लखलखलं आणि त्यांनी विचारलं, "मावशी, साल कोणतं?"

मथुराबाईंनी सांगितलं, राजधानी भोपाळला गेली त्याच्या पुढचं.

"सत्तावन्न!" शालिग्राम पंगतीतून उठलेच. "अहो, सत्तावन्न सालीच तर रशियाने पहिला उपग्रह सोडला. स्पुटनिक! दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी! तिथी आठवते का?"

तिथी कशी नाही आठवणार? डोळ्यासाठी बाप तिला बुऱ्हाणपूरच्या वैद्याकडे खेपा घालत नेई आणि वैद्य दर खेपेला विचारी, कधी झालं? बाप दर खेपेला सांगे, आश्विन वद्य पंचमीला. ऐकून ऐकून पोरीला ते पाढ्यासारखं पाठ झालं होतं. मथुराबाईंनी ते सांगितलं, आणि सांगताना त्यांचा चेहरा काय फुलला! साठ-पासष्ट वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी हसण्याऐवजी तिथी विचारत होतं. "बघून सांगतो मावशी," शालिग्राम म्हणाले. "खरं निघालं तर फळ्यावर लिहितो."

त्यांनी बघितलं. एका देवळाच्या पुजाऱ्याकडे जुन्या हिंदी पंचांगांची चवड होती, त्यातून सत्तावन्न सालचं काढलं. आश्विन कृष्ण पंचमी सापडली. ती होती पितृपक्षात. पितृपक्ष दसऱ्याच्या आधी. स्पुटनिक तेव्हा जमिनीवरच. शालिग्रामांना वाईट वाटलं, पण इतिहासापुढे नातं मानायचं नाही हा त्यांचा बाणा. त्यांनी फळ्यावर लिहिलं, 'जसोंडीची चालती चांदणी: तपासाअंती असत्य. उपग्रह तेव्हा उडालाच नव्हता.' नाव लिहिलं नाही, म्हणजे आपण मोठी सभ्यता दाखवली असं त्यांना वाटलं. कोणीतरी फळ्याचा फोटो काढला आणि तो संध्याकाळच्या आत जसोंडीच्या प्रत्येक मोबाइलवर पोचला.

मथुराबाईंना ते कोणीतरी वाचून दाखवलं. भांडल्या नाहीत की रुसल्या नाहीत. फक्त त्या दिवसापासून त्यांनी ती गोष्ट सांगणं सोडलं. लालबागेलाही आल्या नाहीत. लक्ष्मीबाई जसोंडीला जायच्या तेव्हा मावशी जेवू घालायच्या, केळीचा घड बांधून द्यायच्या. जावयाचं नाव मात्र काढायच्या नाहीत. ते शालिग्रामांना लागलं होतं. पण करणार काय, असं ते म्हणायचे. पंचांग का खोटं बोलतं?

यंदाची सोळा ऑक्टोबर उजाडली. शालिग्रामांचा हा वर्षातला सर्वांत लाडका दिवस, कारण हा बुऱ्हाणपूरचा स्वतःचा दिवस आहे. अठराशे तीन साली याच दिवशी कर्नल स्टीव्हन्सनची इंग्रजी फौज शहरात शिरली आणि पुढच्या पाच दिवसांत असीरगडही गेला. सकाळीच त्यांनी फळाभर ते लिहून काढलं, गडाचं चित्रही काढलं आणि तरंगत घरी आले. घरी दिवाळीची रंगरंगोटी चालली होती. मुलगा मोहित इंदूरला नोकरीला, पण सून पूनम दिवाळीच्या तयारीसाठी आधीच येऊन राहिली होती. पूनम रावेरची, म्हणजे सीमेपलीकडची, महाराष्ट्रातली. लग्न होऊन वर्ष व्हायचं होतं. पोरगी स्टुलावर चढून स्वयंपाकघराच्या छताला ब्रश मारत होती.

"सांभाळ गं," लक्ष्मीबाई खालून म्हणाल्या. "डोळ्यात गेला तर मथुरामावशीसारख्या चांदण्या दिसतील."

"कोण मथुरामावशी?"

मग लक्ष्मीबाईंनी सगळी गोष्ट सांगितली, शिडी, कुंचा, चांदणी, चुना, सगळी. शालिग्राम चहा पीत ऐकत होते. पूनम मनापासून हसली आणि म्हणाली, "म्हणजे त्यांचं पण दिवाळीचंच काम चाललं होतं, माझ्यासारखं."

"दिवाळी नाही बेटा," शालिग्रामांनी सुधारलं. "पितृपक्ष होता तो. मी पंचांगात पाहिलंय."

पूनमचा ब्रश थांबला. "पितृपक्षात कोणी घराला चुना लावतं का बाबा?"

शालिग्रामांनी कप खाली ठेवला.

"परत बोल."

"पितृपक्षात घराला चुना... माझी आई तर त्या पंधरा दिवसांत साधा झाडू पण नवा आणू देत नाही."

"तिथी आश्विन वद्य पंचमी आहे," शालिग्राम म्हणाले. त्यांचा आवाज त्यांनाच वेगळा वाटला.

"मग बरोबर आहे ना. कोजागिरीनंतरची. आत्ता काय चाललंय? आश्विन वद्यच." पूनमने ब्रशनेच भिंतीकडे दाखवलं. तिथे तिने माहेरून आणलेली मराठी दिनदर्शिका टांगली होती, आणि तिच्या शेजारीच किराणावाल्याने दिलेली हिंदी. शालिग्राम उठून दोन्हींसमोर उभे राहिले. आजचाच दिवस, एकच चंद्र. मराठीत आश्विन वद्य आणि हिंदीत कार्तिक कृष्ण. हिंदीवाल्यांचा महिना पौर्णिमेला संपतो, आपला अमावास्येला. म्हणून काळा पंधरवडा त्यांच्याकडे पुढच्या महिन्यात मोजतात. हिंदी पंचांगातला आश्विनाचा काळा पंधरवडा म्हणजे आपल्या भाद्रपदातला पितृपक्ष, आणि आपला आश्विन वद्य म्हणजे दिवाळीच्या तोंडावरचा. मथुराबाईंच्या बापाने वैद्याला मराठी तिथी सांगितली होती, आणि हिंदी शाळेत शिकलेल्या जावयाने ती हिंदी पंचांगात शोधली होती.

आणि हे काही गूढ नव्हे हो. बुऱ्हाणपुरात शेंबड्या पोरालाही माहीत असतं की हिंदीवाल्यांचा श्रावण पंधरा दिवस आधी लागतो. शालिग्राम स्वतः दरवर्षी श्रावणात शेजाऱ्यांना यावरून चिडवतात. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो असा.

"स्पुटनिक वर होता!" शालिग्राम ओरडले. "दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी उडाला आणि पंचमीला वर होता! लक्ष्मी, अगं मावशीची चांदणी वर होती!"

लक्ष्मीबाईंनी एकदा नवऱ्याकडे बघितलं आणि शांतपणे म्हणाल्या, "मग आता इथे काय नाचताय? तिला जाऊन सांगा."

स्कूटर निघाली तेव्हा शालिग्रामांच्या पायात लक्ष्मीबाईंची चप्पल होती आणि मागे बसलेल्या पूनमच्या कोपरापर्यंत पांढरा रंग. पाऊस केव्हाच उघडला होता, आभाळ धुतल्यासारखं निळं. दोन्हीकडे केळीच्या बागा, मध्ये कुठे कापूस फुटलेला, आणि समोरून घडांनी लादलेल्या गाड्या. शालिग्राम साठ-पासष्टचे, पण त्या दिवशी त्यांनी दोन गाड्या मागे टाकल्या. पूनम मागून मोबाइलवर वाचून दाखवत होती. "बाबा, तो उपग्रह फार बारका होता म्हणे, डोळ्यांना मुश्किलने दिसायचा. पण त्याला वर नेणारं रॉकेट पण मागेमागे फिरत होतं, ते लोकांना दिसायचं. चालत्या चांदणीसारखं, असंच लिहिलंय."

"चालत्या चांदणीसारखं!" शालिग्राम वाऱ्यात ओरडले, आणि स्कूटर खड्ड्यातून उडाली.

मथुराबाई अंगणात बसून वालाच्या शेंगा सोलत होत्या. मुलगा पांडुरंग केळीच्या पिकअपचं चाक बदलत होता. शालिग्राम स्कूटर नीट उभी न करताच बोलायला लागले. आश्विन, कार्तिक, पौर्णिमा, अमावास्या, रशिया, रॉकेट, चुना, सगळं एका दमात. बोलता बोलता त्यांनी अंगणातल्या धुळीत काडीने दोन पंचांगं काढली. धाप लागली तेव्हाच थांबले.

मथुराबाई शेंगा सोलत राहिल्या.

"मावशी, मी चुकलो होतो. तुम्हाला ती दिसली असणार."

"मले काही दिसलं नव्हतं, जवाईबापू," मथुराबाई म्हणाल्या. "पोर होते मी. चुना गेला डोळ्यात."

शालिग्रामांचा चेहरा उतरला. लोक आयुष्यभर हसले तरी जी बाई हटली नव्हती, ती आता लोकांचंच वाक्य बोलत होती, आणि ते तिच्या तोंडी त्यांनी घातलं होतं. हे त्यांना तिथे, त्या अंगणात, पहिल्यांदा नीट कळलं. त्यांना रडू आलं. ते त्यांनी लपवलं नाही.

"जाऊ द्या ना दाजी," पांडुरंग पाना ठेवून म्हणाला. "पुरानी बात आहे. कशाला उकरता?"

पूनम मात्र आजीच्या शेजारी खाली बसली आणि शेंगा सोलू लागली. मथुराबाईंनी तिच्या हाताकडे बघितलं.

"हे काय लागेल आहे तुले पोरी? चुना?"

"रंग आहे आजी. छताला मारत होते. वर बघून बघून मान दुखायला लागली."

"दुखतेच," मथुराबाई म्हणाल्या. त्यांनी दोन शेंगा सोलल्या. मग जावयाकडे बघून, आवाज न चढवता, म्हणाल्या, "तुमी फळ्यावर लिहेल होतं. लोकायनं वाचलं. मंग मले काबरं सांगू राह्यले? मले माहीतच आहे. लोकायले सांगा."

शालिग्राम ताडकन उभे राहिले. "पांडुरंग, चाक बसलं का?"

चाक बसलं होतं. "मावशी, चला," शालिग्राम म्हणाले. "तुमच्यासमोरच पुसतो." मथुराबाई नाही म्हणाल्या, मग लुगडं बदलून येते म्हणाल्या. पिकअपमध्ये पुढे पांडुरंग आणि त्या बसल्या, आणि शालिग्राम पूनमला मागे घेऊन स्कूटरवरून पुढे वाट मोकळी करत, उगाचच हॉर्न वाजवत निघाले. वाटेतल्या लोकांना वाटलं, नवरी चालली आहे.

टपरीवर दुपारची गर्दी होती. रेल्वेतून उतरलेले लोक, हमाल, रिक्षावाले, आणि मधोमध फळ्यावर इंग्रजांची फौज बुऱ्हाणपुरात शिरत होती. शालिग्रामांनी स्कूटर लावली, फळ्यासमोर गेले आणि वर्षातला आपला सर्वांत लाडका दिवस सदऱ्याच्या बाहीने, गडासकट, पुसून टाकला.

"काका!" योगेशच्या हातातली गाळणी तशीच राहिली. "अंग्रेज को क्यों मिटा दिया? सकाळीच तर घुसला होता."

"त्याला परत पाठवला," शालिग्राम म्हणाले. "खडू दे."

त्यांनी सावकाश, मोठ्या अक्षरात लिहिलं. 'चूक दुरुस्ती. जसोंडीची चालती चांदणी: सत्य. सन १९५७, आश्विन वद्य पंचमी, तिन्हीसांजेला मथुराबाई यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली. ही तिथी शोधण्यात चूक झाली ती शालिग्राम पाटील यांची.' मग त्यांनी तेच सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं, कारण मथुराबाईंना वाचता येत नव्हतं, आणि तेव्हा ज्यांनी वाचलं होतं त्यातले निम्मे तरी आज तिथे उभे होते.

कोणी हसलं नाही. मथुराबाई एका हाताने पदर धरून फळ्याकडे बघत होत्या. एक चांगला डोळा आणि एक अधू. जणू ती पांढरी अक्षरं त्यांना वाचता येत होती.

"एक राह्यलं," त्या म्हणाल्या.

"काय मावशी?"

"आधी चांदणी, मंग चुना. ते लिहा."

शालिग्रामांनी खाली तेही लिहिलं. अक्षर जरा वाकडं आलं, पण लिहिलं.

योगेशने बाकडं पुसून मथुराबाईंना बसायला दिलं, चहा दिला, आणि स्वतः समोर उकिडवा बसला. "आजी," तो म्हणाला, "पूरा किस्सा सांगा ना. शुरू से."

मथुराबाईंनी चहाचा एक घोट घेतला. पूनमकडे बघितलं, जावयाकडे बघितलं. मग कप बाजूला ठेवून, चार वर्षांनी, त्यांनी सुरुवात केली. "घराले चुना चालू होता. मी शिडीवर. हातात कुंचा." त्यांनी रिकामा हात वर धरला, मान मागे टाकली आणि बोलायच्या थांबल्या.

आणि योगेशपासून हमालांपर्यंत, रणरणत्या दुपारी, सगळे वर बघायला लागले.